पिल्लं कोंबडीची, राखण आपली

मावळात भाताची खाचरं असलेल्या घरी चार-सहा गावरान कोंबड्या नसतील तर अंगण ओकंबोकं वाटतं. आमच्याकडे त्या पूर्वापार आहेत. सासूबाई होत्या तोवर त्यांच्या, आता माझ्या. मी शाळेत विज्ञान शिकवायची, त्यामुळे पुस्तकातली कोंबडी मला आधी भेटली आणि अंगणातली नंतर. दोघींचं बरंचसं जुळतं. जिथे जुळत नाही तिथे मी अंगणातलीचं ऐकते.

हल्ली बरेच जण विचारायला येतात. कुणी शहरातली नोकरी सोडून गावी आलेलं, कुणी बचत गटातून कोंबड्या घेतलेल्या बायका, कुणी शेतघर बांधलेले हौशी. फिरून फिरून प्रश्न एकच, "पिल्लं निघतात, पण जगत का नाहीत?" त्यांना जे सांगते तेच लिहिते आहे. कोंबडीला काय येतं आणि काय येत नाही हे एकदा कळलं की आपल्या वाट्याला फार थोडं काम उरतं. पण ते आपणच करायचं असतं, तिच्यावर सोडून चालत नाही.

१. आधी आई बघा, मग अंडी

टोपलीत बसलेली प्रत्येक कोंबडी खुडूक, म्हणजे उबवायला बसलेली, नसते. अंडं घालायलाही ती निवांत बसून राहते. खरी खुडूक रात्रीसुद्धा दांडीवर चढत नाही. जवळ गेलं की पिसं फुलवून दुप्पट होते, घशातून कर्रर्र काढते आणि पोटाखाली हात घातला तर टोचते. टोचू द्या, हात काढू नका. छाती-पोटाची पिसं गळून कातडी उघडी पडलेली हाताला लागेल आणि ती चांगलीच गरम असेल. ही उघडी कातडी अंड्यांना थेट टेकते, म्हणून ऊब पोचते. हे लक्षण सापडलं की समजा, बाई मनापासून बसली आहे.

तरी लगेच चांगली अंडी देऊ नका. पोल्ट्रीची पांढरी अंडी दोन-तीन ठेवा आणि दोन-तीन दिवस बघा. पोल्ट्रीच्या कोंबड्यांमध्ये कोंबडा नसतो, त्यामुळे ती अंडी फुटायची नाहीत आणि नुकसानही नाही. बैठक पक्की ठरली की रात्रीच्या अंधारात बदलून टाका.

जातीचं म्हणाल तर गिरिराज, वनराजा, कावेरी या कोंबड्या अंडी भरपूर देतात, पण बसत नाहीत. जास्त अंड्यांसाठी पिढ्यानपिढ्या निवड करताना खुडूक होणं त्यांच्यातून निघूनच गेलं. कडकनाथही आई म्हणून भरवशाची नाही. असील फार चांगली आई, पण अंगाने जड आणि डोक्याने तापट. तिला दुसऱ्या कोंबड्यांत सोडली की भांडणं ठरलेली. आपली साधी गावरान कोंबडी वर्षाकाठी पन्नास-सत्तर अंडी घालते म्हणून लोक तिला नावं ठेवतात. पण गिरिराजची अंडी उबवायला शेवटी तिचीच टोपली लागते.

गावरानीतही फरक असतो. पहिल्यांदाच बसणारी तलंग अर्ध्यात उठून जाऊ शकते. जिने एकदा पिल्लं नीट वाढवली ती पुढेही वाढवते. अशी कोंबडी पाहुणे आले म्हणून कापू नका, एवढंच माझं घरच्यांना सांगणं असतं.

२. पावसाळ्यात बसवू नका

आमच्याकडे पाऊस चार महिने मुक्कामाला असतो. ओल, डास, अळ्या, कोंदट खुराडं, यात पिल्लू तग धरत नाही. दिवाळीनंतर बसवायला सुरुवात करावी, फाल्गुनानंतर बसवू नये. देशावर जिथे वैशाखात पारा चाळिशी ओलांडतो तिथे अंड्यातला जीव उष्णतेनेच दगावतो, कोंबडी कितीही गुणी असली तरी.

३. अंडी निवडण्यात घाई नको

आठवड्याच्या आतली, मध्यम आकाराची, गुळगुळीत कवचाची अंडी घ्या. फार मोठ्या अंड्यात कधी दोन बलक असतात, ते फुटत नाही. अंडी धुऊ नका. कवचावर पातळ थर असतो आणि तो आत जंतू जाऊ देत नाही. शेण लागलेलं अंडं सरळ पोळीबरोबर खाऊन टाका. बसवायची अंडी फ्रीजमध्येही ठेवायची नाहीत. घरातल्या थंड कोपऱ्यात, कोंड्याच्या डब्यात, निमुळतं टोक खाली करून ठेवायची.

संख्या कोंबडीच्या अंगावर ठरते. दहा-बारा पुरेत. कडेची अंडी पोटाबाहेर दिसत असतील तर तेवढी काढून घ्या. कोंबडी अंडी हलवत राहते, म्हणजे आज कडेला गारठलेलं अंडं उद्या मध्ये येतं आणि मधलं कडेला जातं. जास्त ठेवली की सगळीच थोडी थोडी गारठतात.

सगळी अंडी एकाच दिवशी बसवा आणि प्रत्येकावर शिसपेन्सिलीने खूण करा. हे फार महत्त्वाचं आहे. खुडूक कोंबडी चारा-पाण्याला उठली की दुसरी येऊन त्याच टोपलीत अंडं घालून जाते. बिनखुणेचं अंडं दिसलं की काढून घ्यायचं. नाहीतर पिल्लं निघायच्या दिवशी त्यात चार दिवसांचं, दहा दिवसांचं अशी मागाहून आलेली अंडी राहतात आणि ती वाया जातात.

सातव्या रात्री टॉर्चवर अंडं धरा. जिवंत अंड्यात गडद ठिपका आणि त्यातून फुटलेल्या लाल शिरा दिसतात. आरपार स्वच्छ दिसलं तर ते फळलेलंच नव्हतं.

या एकवीस दिवसांत कोंबडी दिवसातून एकदा उठते. घाईघाईने खाते, पाणी पिते, धुळीत लोळते आणि एकदाच भलामोठा, घाण वासाचा गोळा टाकते. ही घाण टोपलीत नको, म्हणून ती उठते का याकडे लक्ष ठेवा. उठत नसेल तर दोन्ही हातांनी अलगद उचलून बाहेर ठेवा. उचलताना पंखाखाली अंडं अडकलेलं नाही ना, ते आधी बघा.

सासूबाईंना आम्ही आत्या म्हणायचो. त्या अंडी नेहमी विषम संख्येत बसवायच्या आणि विजेच्या कडकडाटाने दगावू नयेत म्हणून टोपलीत कोळसा ठेवायच्या. त्याचा उपयोग काही नाही हे मी वर्गात शिकवू शकते. घरी मात्र कोळसा ठेवते. कोळशाला कुठे चारा घालावा लागतो!

४. फुटायच्या दिवशी हात मागे बांधा

विसाव्या दिवशी अंडं कानाला लावलं तर आतून टकटक आणि बारीक चिवचिव येते. कोंबडीही वेगळ्या, खालच्या आवाजात बोलायला लागते. पिल्लू अंड्यात असतानाच दोघांची ओळख सुरू झालेली असते.

पिल्लाच्या चोचीच्या टोकावर पांढरा, टणक दाणा असतो. त्याने ते अंड्याच्या रुंद बाजूला पहिला टवका उडवतं. मग काहीच होत नाही. तास जातो, दोन जातात, कधी अर्धा दिवस जातो. बघणाऱ्याचा जीव वर-खाली होतो. मी सून म्हणून नवी होते तेव्हा विचारलं होतं, "आत्या, अडकलंय वाटतं, कवच काढू का?" त्या तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तुला कुणी ओढून काढलं होतं का गं? ठेव खाली."

त्या थांबण्याचं कारण पुस्तकात आहे. कवचाच्या आतल्या पातळ पडद्यात रक्तवाहिन्या असतात. पिल्लू विसावा घेतं तेव्हा ते रक्त अंगात ओढून घेत असतं आणि उरलेला बलक पोटात घेत असतं. आपण नखाने कवच सोललं तर पडदा फाटून रक्त येतं आणि पिल्लू जातं. त्याचं आतलं काम संपलं की ते स्वतःच गोल फिरत कवच कापत जातं, टोपीसारखा तुकडा ढकलतं आणि ओलं, मान टाकलेलं, अगदी कुरूप असं बाहेर पडतं. दोन-तीन तासांत आईच्या पोटाखाली वाळून तेच गोंडस दिसायला लागतं.

आपण फक्त रिकामी टरफलं काढायची. एक टरफल दुसऱ्या अंड्यावर टोपीसारखं बसलं तर आतल्याला बाहेर येता येत नाही.

पहिल्या पिल्लानंतर एक-दीड दिवस कोंबडी बसून राहते, मग उठते. मागे राहिलेल्या अंड्यांसाठी ती थांबत नाही. तिचा हिशेब बरोबर आहे. निघालेल्या आठ-नऊ पिल्लांना आता आई चालती-फिरती हवी असते.

५. पहिल्या दिवशी भुकेची काळजी नको

पोटात घेतलेला बलक पिल्लाला दोन दिवस सहज पुरतो. खोक्यात भरलेली एक दिवसाची पिल्लं परगावी पाठवता येतात ती यामुळेच. तेव्हा निघाल्या निघाल्या टोपलीत कण्या ओतायची गरज नाही. पाणी मात्र जवळ हवं, आणि ते उथळ. मातीच्या परळात गोटे घाला आणि गोट्यांच्या फटींत पाणी राहील इतकंच ओता. बोटभर पाण्यातही पिल्लू बुडतं.

वर्तमानपत्र अंथरू नका. गुळगुळीत कागदावर पिल्लाचे पाय फाकतात आणि तसेच राहतात. भाताचं तूस उत्तम.

६. जेवायला ती शिकवते, ताट आपण वाढायचं

ही शिकवणी एकदा जवळ बसून बघाच. कोंबडीला दाणा किंवा किडा सापडला की ती खात नाही. चोचीत धरते, खाली टाकते, पुन्हा उचलते, पुन्हा टाकते आणि भराभर कुक-कुक-कुक करते. पिल्लं धावत येतात. त्यांचं लक्ष चोचीच्या टोकावर असतं. मग त्यातलं एखादं टोचून बघतं. दाणा मोठा असेल तर ती फोडून देते. पिल्लू खडा उचलतं, वाळकं पान उचलतं, दुसऱ्या पिल्लाचा डोळासुद्धा टोचून बघतं, कारण काय खायचं हे उपजत येत नाही. टोचणं उपजत असतं, निवड आई शिकवते. बल्बखाली वाढलेल्या पिल्लांना हे शिकवणारं कुणी नसतं, म्हणून त्यांच्यापुढे बोटाने टकटक करून दाखवावं लागतं.

आम्ही इंद्रायणीची बारीक कणी, नाचणी आणि मक्याचा भरडा देतो. पण नुसत्या धान्यावर पिल्लू भरत नाही. पहिल्या महिन्यात पिसं आणि स्नायू वाढत असतात, त्याला प्रथिनं लागतात. बाजारातलं चिक स्टार्टर मिळत असेल तर कमीपणा न मानता घ्या. नसेल तर जुना उपाय आहे. मडक्यात ओलं शेण आणि पालापाचोळा दाबून भरा, वारूळ असेल त्या बाजूला बांधावर पालथं घालून ठेवा. एक-दोन रात्रीत वाळवी वर चढते. मडकं अंगणात आणून उपडं केलं की कोंबडीच्या हाकेची वाट न बघता पिल्लं तुटून पडतात. घराच्या तुळया खाणारी वाळवी अशी सत्कारणी लागलेली बघून मला विशेष समाधान मिळतं.

मोठ्या, अंड्यावरच्या कोंबड्यांचं लेअर खाद्य पिल्लांना घालू नका. त्यात कवचासाठी कॅल्शियम बरंच जास्त असतं आणि पिल्लांच्या मूत्रपिंडांना ते झेपत नाही. उलट आईने पिल्लांचं खाद्य खाल्लं तर काही बिघडत नाही, ती तेव्हा अंडी घालतच नसते. मोठ्या कोंबड्या पिल्लांच्या खाण्यावर डल्ला मारतात. त्यासाठी डालगं दोन विटांवर उचलून ठेवा आणि खाद्य आत ठेवा. फटीतून पिल्लं जातील, मोठ्या बाहेर चरफडतील.

७. बल्ब चांगला, पण तो उठून चालत नाही

पिल्लाला पहिल्या आठवड्यात पस्तीस अंशांच्या आसपास ऊब लागते. पुढे दर आठवड्याला दोन-तीन अंश कमी चालते. तीन-चार आठवड्यांनी पिसं भरली की ते स्वतःचं अंग स्वतः राखतं. शे-दोनशे पिल्लं वाढवायची असतील तर बल्बचा ब्रूडरच हवा, तिथे कोंबडीचं कौतुक कामाचं नाही. पण दहा-पंधरा पिल्लांसाठी, तेही जिथे रात्री वीज जाते तिथे, आईला तोड नाही. थंडी वाजली की पिल्लू आत शिरतं, उकडलं की डोकं पंखाबाहेर काढतं. तापमापी बघायला कुणी लागत नाही.

सकाळचं दव मात्र तिला कळत नाही. ती पहाटेच गवतात निघते, मागून पिल्लं पोटापर्यंत भिजतात आणि गारठतात. ऊन वर येईपर्यंत खुराड्याचं दार उघडू नका.

८. ती कानाने आई असते

कोंबडीला पिल्लं मोजता येत नाहीत. नऊ होती, आठ झाली, तिला फरक पडलेला दिसत नाही. फरक पडतो तो आवाजाने. याकोब फॉन उक्सक्यूल या जीवशास्त्रज्ञाच्या १९३४ साली निघालेल्या पुस्तकात याचं चित्रच आहे. पिल्लाचा पाय खुंटीला बांधला आणि ते नजरेआड असलं तरी त्याची ओरड ऐकून कोंबडी पिसं फुलवून धावून जाते. तेच पिल्लू काचेच्या हंडीखाली तिच्या डोळ्यांसमोर तडफडत असलं, पण आवाज येत नसला, तर ती खुशाल चरत राहते.

म्हणून गारठलेलं, अशक्त, चिवचिव करण्याचंही त्राण नसलेलं पिल्लू मागे पडलं की ते तिच्या लेखी नसतं. ते आपण शोधायचं. न्हाणीच्या मोरीचं तोंड, पायपाचं भोक, रचलेल्या लाकडांची फट, गोठ्यातला गव्हाणीचा कोपरा, इथे संध्याकाळी एक फेरी मारा. मिळालेलं पिल्लू ओंजळीत धरून फुंकर घालून गरम करा आणि अंधार पडल्यावर तिच्या पोटाखाली सरकवा. मोजणी हे आपलं काम. आमच्याकडे ते नातवंडांकडे आहे. पाढे पाठ नसतील पण पिल्लांचा आकडा तोंडपाठ असतो.

९. घार वरून, घूस खालून

वरून घार आली की कोंबडी एक लांबट, ताणलेला सूर काढते आणि पिल्लं असतील तिथे झुडपाखाली, पोटाखाली गडप होतात. मांजर-मुंगूस दिसलं की सूर वेगळा, तुटक आणि कर्कश, सगळं अंगण डोक्यावर घेणारा. आकाशातल्या आणि जमिनीवरच्या शत्रूसाठी हाका वेगळ्या असतात हे शास्त्रज्ञांनीही तपासून मान्य केलं आहे. पण ते दोन सूर तुम्हीही ओळखायला शिका. पहिला ऐकला की वर बघत बाहेर पळायचं, दुसरा ऐकला की काठी घेऊन.

घारीची वीण आपल्याकडे थंडीच्या अखेरीला सुरू होते. म्हणजे आपली पिल्लं अंगणात फिरतात नेमकी तेव्हाच तिलाही घरट्यातली तोंडं भरायची असतात. तिला दोष देऊन काय होणार! पहिला आठवडा आई आणि पिल्लं डालग्याखाली किंवा जाळीत ठेवा. नंतर मोकळं सोडाल तेव्हा अंगणात आडोसा हवा. अडुळसा, जास्वंद, कर्दळ, खाली वाकलेली केळ, काहीही चालेल. चकचकीत सारवलेलं, झाडून-पुसून मोकळं केलेलं अंगण पाहुण्यांना छान आणि घारीला त्याहून छान. जुनं मासेमारीचं जाळं वरून ताणलं तर कावळेही दूर राहतात.

गावरान पिल्लं बहुधा तपकिरी, पाठीवर पट्टे असलेली असतात आणि पाचोळ्यात दिसत नाहीत. हॅचरीची पिवळीधमक पिल्लं आधी जातात. मोकळ्यात वाढवायची तर रंगही बघून घ्या.

रात्रीचे शत्रू वेगळे. मुंगूस, रानमांजर, साप आणि सगळ्यांत वाईट घूस. ती जमिनीखालून येते आणि कोंबडीला पत्ता लागायच्या आत पोटाखालचं पिल्लू ओढून नेते. अंधारात कोंबडीला दिसत नाही, त्यामुळे रात्री ती कितीही शूर असली तरी आंधळीच. खुराड्याच्या तळाला फरशी किंवा दगड हवेत. षटकोनी भोकांची पातळ जाळी कोंबडी बाहेर जाऊ नये म्हणून असते, शत्रू आत येऊ नये म्हणून नव्हे. त्याला अर्ध्या इंचाची वेल्डिंगची जाळीच लागते. खर्च एकदाच होतो. दिवेलागणीच्या आधी दार लागलं पाहिजे, मग मालिका कितीही रंगात आलेली असो.

१०. रोगापुढे आईचं काही चालत नाही

गावात पिल्लं मरतात त्यातली पुष्कळशी रोगाने, आणि त्यातही मानमोडीने. कागदोपत्री तिला रानीखेत म्हणतात. मान वाकडी होते, पाय लुळे पडतात, हिरवट-पांढरी हगवण लागते आणि वाडीच्या वाडी रिकामी होते. आल्यावर औषध नाही. आधी लसच हवी.

पाचव्या ते सातव्या दिवशी पहिली लस, लासोटाचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकात. चौथ्या आठवड्यात पुन्हा. आठव्या आठवड्यात आर-टू-बीचं इंजेक्शन. देवीची लस सहा ते आठ आठवड्यांत, कारण देवी डासांमार्फत पसरते आणि पुढे पावसाळा असतो. आईला आधीच लस दिलेली असेल तर तिच्यातली थोडी ताकद बलकातून पिल्लाला मिळते, पण ती काही आठवड्यांचीच.

अडचण लशीच्या बाटलीची असते. छोटी बाटलीही शंभर मात्रांची, आणि एकदा कालवली की तास-दोन तासांत संपवावी लागते. आपली पिल्लं नऊ! म्हणून आळीतल्या पाच-सात घरांनी कोंबड्या साधारण एकाच आठवड्यात बसवायच्या आणि लस एकत्र आणायची. पशुवैद्यकीय दवाखान्यात आधी विचारून ठेवा, बर्फ घातलेला थर्मास घेऊन जा, आणि लस दुपारच्या उन्हात नको, संध्याकाळी द्या. आई आधी डालग्याखाली झाका, नाहीतर ती तुमचे डोळे काढील. पिल्लू डाव्या मुठीत, डोकं अंगठा आणि तर्जनीत, डोळा वर. थेंब पडला की लगेच सोडू नका. थेंब डोळ्यावर तसाच चमकत राहतो, मग पापणी मिटते आणि उघडते, आणि तो आत गेलेला दिसतो. तेव्हा सोडायचं. झटकन सोडलेलं पिल्लू मान झटकतं आणि लस जमिनीला मिळते.

दुसरी भीती रक्ती हगवणीची. तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात पिल्लू पंख टाकून, डोळे मिटून उभं राहतं आणि विष्ठेत रक्त दिसतं. हा रोग ओल्या तुसात वाढतो. पाण्याच्या भांड्याभोवतीचं तूस रोज बदललं, खुराडं कोरडं ठेवलं तर निम्मी लढाई तिथेच संपते. रक्त दिसलं की डॉक्टरांना विचारून पाण्यातून औषध त्याच दिवशी सुरू करा, उद्यावर ढकलू नका.

उवा-पिसवा आईकडूनच पिल्लांवर येतात. तीन आठवडे एका जागी बसून तिच्या अंगावर त्या मातलेल्या असतात आणि पिल्लाच्या डोक्यावर जाऊन त्याला बेजार करतात. टोपलीत कडुनिंबाचा पाला घाला, आणि ती उठेल त्या वाटेवर चुलीच्या कोरड्या राखेचा ढीग ठेवा. लोळायला तिला सांगावं लागत नाही.

११. परकी पिल्लं द्यायची तर रात्री

हॅचरीतून आणलेली पिल्लं खुडूक कोंबडीला देता येतात, पण दोन अटी आहेत. ती दोन-तीन दिवसांपेक्षा मोठी नसावीत, आणि कोंबडी निदान दोन-अडीच आठवडे बसलेली असावी. कालच खुडूक झालेलीच्या पुढ्यात पिल्लं ठेवली तर ती मारते. गडद अंधार पडल्यावर दिवा न लावता, एक अंडं काढायचं आणि एक पिल्लू सरकवायचं. आतून घरघर ऐकू आली आणि पिल्लाची चिवचिव थांबली की जमलं. सकाळी उजाडायच्या आत मात्र तिथे हजर राहा. एखादी कोंबडी रंग बघून नेमक्या एकालाच टोचते. त्याला लगेच काढून घ्या, समजूत घालत बसू नका.

१२. बदकाची अंडी

अठ्ठावीस दिवस लागतात. कोंबडी बसते. पुढे पिल्लं तळ्यात उतरली की काठावर जो आकांत करते तो मला बघवत नाही, म्हणून मी बसवत नाही.

१३. ती तोडते तेव्हा मध्ये पडू नका

दीड-दोन महिन्यांनी एक दिवस ती दांडीवर चढून बसते आणि पिल्लांना खालीच ठेवते, किंवा पिल्लंही धडपडत वर जातात. पुढे लवकरच दाण्याजवळ आलेल्या पिल्लाला ती टोचून हाकलते. कालपर्यंत त्याच पिल्लासाठी घारीवर उडी घेणारी! बघणाऱ्याला वाईट वाटतं, पण तिची तुरा-कल्ली लाल व्हायला लागलेली असते आणि ती पुन्हा अंड्यावर यायच्या तयारीत असते. या सुमारास पिल्लं मोठ्या कळपात मार खातात. कळपात आधी कोणी खायचं, कोणी मागे सरायचं याची उतरंड ठरलेली असते आणि नवी भरती सगळ्यांत खाली. खाण्याची भांडी दोन-तीन ठिकाणी लांब लांब ठेवली की मार पडला तरी उपाशी कुणी राहत नाही.

निम्मे कोंबडे निघणार, हे आधीच धरून चाला. ते जत्रेला, आखाडाला आणि पाहुण्यांना कामी येतात. तलंगा ठेवा, आणि त्यांतली आईसारखी कोण निघते यावर लक्ष ठेवा.

शेवटी एक मागणं. आपल्याकडे खुडूक मोडायला कोंबडीच्या नाकात पीस खुपसतात, पाण्यात बुडवून काढतात, पाय बांधून ठेवतात. हे बंद करा. तळाला जाळी असलेल्या, हवेशीर, टोपली नसलेल्या पिंजऱ्यात तीन-चार दिवस दाणा-पाणी देऊन ठेवली की ती आपोआप उठते. त्याहून बरं म्हणजे तुम्हाला पिल्लं नको असतील तर आळीत विचारा. कुणाकडे अंडी असतात आणि बसायला कोंबडी नसते. निम्म्या वाट्याने तिला बसवा, चार पिल्लं त्यांची, चार तुमची.